जागेवर काय जयते?

अन्याय माझ्या आईवर झाला. कधी झाला तेही सांगते. एप्रिलमधल्या जयंतीच्या आदल्या आठवड्यातल्या शुक्रवारी, बहरीनमधल्या आमच्या मंडळाच्या बैठकीत, चहा आल्यानंतर आणि चहा संपायच्या आत. वेळ मुद्दाम सांगते आहे. जी शेगडी हॉलच्या आवारातून हद्दपार करायचा ठराव त्या बैठकीत झाला, त्याच शेगडीवर तो चहा उकळला होता. ठरावासाठी वर झालेल्या प्रत्येक हाताच्या जोडीदार हातात त्याच चहाचा कप होता. एकानेही कप खाली ठेवला नाही.

सुरुवात अशी करायची हे मला आजोबांनी शिकवलं. आजोबा अकोल्याकडे सायकलवरून गावोगाव पत्रकं वाटायचे आणि आम्ही सुट्टीला गेलो की मला समोर बसवून धडे द्यायचे. "पयल्या ओळीत कोनावर अन्याव झाला थे सांगाचं. मंग कधी झाला थे. मंधात रडाचं नाई. शेवटी काय पायजे थे मांगाचं आन् खाली उतराचं." मी बहरीनमध्ये जन्मले, इंग्रजी शाळेत शिकले, पण माझं लिहायचं मराठी असं पत्रकातून आलेलं आहे. मैत्रिणीच्या वाढदिवसाच्या कार्डावरसुद्धा माझ्याकडून शेवटी एक मागणी लिहिली जाते.

आता शेगडीचं महत्त्व. आईच्या रेसिडेंट आयडी कार्डानुसार ती बाबांची बायको आहे, बाकी कोणी नाही. व्हिसा बाबांचा, फ्लॅट बाबांच्या नावावर, गाडीसुद्धा बाबांची. वर्षातले बाकीचे दिवस ती हे सगळं हसून चालवून घेते, कारण वर्षातला एक दिवस तिचा असतो. जयंतीच्या शुक्रवारी हॉलच्या मागच्या आवारात लोखंडी तिवईची मोठी शेगडी लागते, तिच्यावर आमच्याकडे ज्याला गंज म्हणतात ते भलंमोठं पातेलं चढतं, आणि हातात लांब दांड्याचा सराटा घेऊन आई उभी राहते. दोनशे माणसांची वांग्याची भाजी. वांगी आदल्या दिवशी बुदैयाच्या शेतावरून ती स्वतः वेचून आणते. त्या दिवशी मोठमोठे इंजिनिअर तिला विचारतात, "वहिनी, मीठ आत्ता टाकू का?" आणि ती म्हणते, "हात नका लावू." हे तीन शब्द ऐकायला मी वर्षभर थांबते.

आणि ही शेगडी गेली कशामुळे? माझ्या पत्रकामुळे. थांबा, मी इथे छाती पिटणार नाही. पत्रक बरोबर होतं. वाचणारे चुकले.

झालं असं, की मंडळाने तरुणांना सांगितलं, यंदा जयंतीला पर्यावरणावर काहीतरी लिहा. बाकीच्या तरुणांनी झाडाचं चित्र पाठवलं. मी एक पानभर मजकूर लिहिला. त्याचं नाव होतं, 'जागेवर काय जळते?' मजकूर सोपा होता. उन्हाळ्यात सगळ्या काचा लावून उभी ठेवलेली गाडी दुपारी उघडली की काय होतं, ते इथल्या पोराटोरांना माहीत आहे. पृथ्वीला आपण तशाच काचा लावतो आहोत, आणि त्या काचा म्हणजे जळलेल्या इंधनाचा वायू. लोक म्हणतात, तो तर सित्र्याच्या रिफायनरीच्या चिमण्यांतून येतो, आमचा काय संबंध? चिमण्यांवर माझं वेगळं पत्रक आहे, मागा, देईन. पण हॉटेलाच्या तळघरातला बॉयलर, धोब्याची वाफ, बेकरीची भट्टी, घरचा सिलिंडर, मंडपामागचा जनरेटर, हे सगळं आपण आपल्या जागेवर, आपल्या हाताने पेटवतो. विजेचं बिल तरी येतं. याचा धूर मात्र कोणी कोणाच्या नावावर लिहीत नाही. म्हणून शेवटची ओळ अशी: 'आपल्या जागेवर जे जळते, ते आपले!'

आईने ते घरी मोठ्याने वाचलं. आमच्या वऱ्हाडी बोलीत 'ळ' टिकत नाही, त्याचा 'य' होतो, डोळ्याचा डोया आणि पोळीची पोयी. त्यामुळे चष्मा नाकावर ओढून आईने वाचलं, "जागेवर काय जयते?"

बाबा जेवत होते. मान वर न करता म्हणाले, "सत्यमेव."

तेव्हापासून घरात माझ्या मोहिमेला हेच नाव पडलं. खिडकीतून कुठे धूर दिसला की बाबा ओरडतात, "ये पोट्टे, पाय तिकडं, सत्यमेव जयून राह्यलं!"

बाबांनी विनोद करावा हा आणखी एक अन्याय, कारण बाबा डिझेलवाले. सित्र्यात जनरेटर भाड्याने देणाऱ्या कंपनीत ते टेक्निशियन आहेत. पहाटे कंपनीच्या बसने जातात, संध्याकाळी शर्टाला डिझेलचा वास लावून येतात. मंडळाच्या जयंतीचा जनरेटर दरवर्षी तेच आणतात. आई गॅसवर, बाबा डिझेलवर, आणि मधे मी विझवणारी. माझं पत्रक खरं म्हणजे त्या जनरेटरवर होतं. हॉलला वीज आहे. पण अंगणात मंडप टाकायचा, तो चारही बाजूंनी बंद करायचा, आत गारठा करायचा, आणि त्यासाठी सकाळपासून डिझेल जाळायचं. एप्रिलमध्ये! संध्याकाळी ज्या हवेत लोक समुद्रावर फिरायला जातात, त्या हवेत आम्ही मंडपात शाली पांघरून बसतो.

तर बैठक. आमचे सचिवकाका सीफच्या एका उंच इमारतीत मोठ्या ऑफिसात आहेत. मनाने चांगले आहेत, पण ऑफिसात शिकलेला प्रत्येक शब्द त्यांना मंडळाला लावून बघायचा असतो. त्यांनी माझं पत्रक उचलून धरलं. अक्षरशः. पान हवेत धरून म्हणाले, "अप्रतिम! आमच्या ऑफिसात याच विषयाचं ट्रेनिंग झालं. ऑन-साईट! म्हणजे आपल्या साईटवर काही जळता कामा नये. यंदाची आपली जयंती, ऑन-साईट झिरो. जागेवर शून्य!"

टाळ्या. मीसुद्धा वाजवल्या. मला वाटलं, जनरेटर गेला.

मागून एक काका म्हणाले, "गॅसचा त्रास तर मलाही लय आहे. ओवा खाऊन कमी होतो का?"

"तो गॅस नाही हो," सचिवकाका म्हणाले. "हा हरितगृह वायू."

"मंग तो काकडीवाल्यांचा प्रॉब्लेम. बुदैयाले हायेत ना थे हिरवे तंबू."

हशा झाला, चहा आला, आणि त्या हशाच्या आडून सचिवकाकांनी ठराव वाचला. मागच्या आवारातली स्वयंपाकाची शेगडी बंद. जेवण सीफच्या हॉटेलातून तयार येईल, व्हॅनमधून, एकेकाचं पॅक केलेलं. जागेवर ज्योत नाही.

मी उठले. "काका, आणि जनरेटर?"

"त्याचा विचार केलाय," ते म्हणाले. "जनरेटर भिंतीच्या पलीकडे ठेवायचा. शेजारच्या अरबी बाबांची खजुराची जागा रिकामीच असते. केबल भिंतीवरून घेऊ. म्हणजे आपल्या साईटवर झिरो."

"पण जळणार तर आहेच!"

"जळणार. पण जागेवर नाही." आणि माझंच पान मला दाखवलं. "तूच लिहिलंयस ना? आपल्या जागेवर जे जळते, ते आपले. मग जे आपल्या जागेवर नाही, ते आपले नाही."

हात वर झाले. दुसऱ्या हातात कप. दारात रिकामा ट्रे घेऊन आई उभी होती. तिने सगळं ऐकलं, कप गोळा केले, आणि सचिवकाकांचा कप उचलताना फक्त एवढं म्हणाली, "साखर बरोबर होती ना साहेब?"

घरी जाताना हायवेवर एका सिग्नलला आई खिडकीबाहेर बघत मला म्हणाली, "पोट्टे, तुह्यं पत्रक चांगलं हाय. पन लोकायचं डोकं जागेवर हाय का नाई, थे पाह्यल्याबिगर 'जागेवर' असा शब्द लिहू नाई." आणि सिग्नल सुटल्यावर, "मंग यंदा मी तिथं काय करू? खुर्चीवर बसू?"

एवढंच. पण मला कळलं की अन्याय कशाला म्हणतात. आई आणि खुर्ची! तिला खुर्चीवर बसवणं म्हणजे सेनापतीच्या हातात टाळ्या वाजवायचं काम देणं.

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या खाला रत्नागिरीकडच्या. जयंतीला पुऱ्या लाटायला त्या दरवर्षी येतात आणि ईदला आई त्यांच्याकडे कांदे कापायला जाते, असा जुना करार आहे. त्यांना ठराव कळला तेव्हा त्या आधी हसल्या आणि मग चिडल्या. "अगो, शेजारणीच्या अंगणात चूल मांडली म्हणून भूक काय शेजारणीची होते?"

आई भेंडी कापत होती. तिची सुरी थांबली. "काय म्हणल्या?"

"म्हटलं, शेजारणीच्या अंगणात..."

"हाव," आई म्हणाली. "बराबर." आणि बाबांना हाक मारली. "अहो, थ्या भिंतीपल्याड जागा केवढी हाय?"

पुढचं बाबांनी केलं. ज्यांच्या खजुरांच्या जागेत जनरेटर ठेवायचा होता, ते अरबी बाबा वयस्कर आहेत. माझ्या बाबांचं अरबी म्हणजे चार शब्द आणि दोन हात. तेवढ्यात त्यांनी विचारलं की जनरेटरच्या दुसऱ्या टोकाला, चांगलं लांब, एक शेगडीही ठेवली तर चालेल का. तिकडून उत्तर आलं, "मफी मुश्किल, यल्ला," म्हणजे काही हरकत नाही, चला, आणि वर एक चौकशी, की जेवणात काय आहे.

म्हणजे हिशोब बघा. मंडळाच्या जागेवर शून्य. आणि त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याच्या जागेवर आमचं डिझेल आणि आमचा गॅस. त्याला पत्ताही नाही की एका शुक्रवारपुरता तो आख्ख्या मोहल्ल्यातला सगळ्यात मोठा धूरवाला होणार आहे. मी बाबांना म्हणाले, "हा दुसरा अन्याय आहे. मी याच्यावरही लिहिणार." बाबा म्हणाले, "लिही. पन आधी सिलिंडरची एक बाजू धर."

जयंतीच्या दिवशी निळ्या पताका लागल्या, मंडप बंद झाला, आत थंडी पडली. भिंतीपलीकडे एका टोकाला जनरेटर घरघरत होता आणि दुसऱ्या टोकाला, खजुराच्या सावलीत, शेगडी पेटली. बाबांनी मधलं अंतर पावलांनी नाही, डोळ्यांनी मोजलं आणि म्हणाले, "याच्या इकडं कोनी आलं तर मी मंडयाचा नाई, फायर ब्रिगेडचा." गंज चढला. तेलात कांदा पडला. खाला पाट मांडून पुऱ्या लाटायला बसल्या. आईच्या हातात सराटा होता आणि चेहरा, खरं सांगते, आधीच्या कुठल्याही वर्षापेक्षा जास्त मजेत होता. चोरीची चूल होती ना!

मी भिंतीच्या फाटकात उभी राहून दोन्हीकडे बघत होते. आत बॅनर होता, 'जागेवर शून्य'. त्या शून्यात कोणीतरी हसरा चेहरा काढला होता. बाहेर रस्त्यावर हॉटेलची व्हॅन आली. दुपारीच. जेवणाला अजून अवकाश होता, म्हणून ती उभी राहिली, आणि उभ्या उभ्या तिचं इंजिन चालूच. मी जाऊन काच ठोठावली. "भैया, बंद करो ना इंजिन."

"बंद किया तो खाना ठंडा, मॅडम."

"खाना बना किस पे है?"

त्याने माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं. "गॅस पे. और किस पे बनेगा?"

मला तिथेच रस्त्यात भाषण द्यावंसं वाटलं. शून्याची ही किंमत! एका शेगडीच्या जागी आता हॉटेलची शेगडी, व्हॅनचं इंजिन, तोच जनरेटर, आणि वरून आईची शेगडी आहेच. पण भाषण कोणाला देणार? सगळे मंडपात, थंडीत, काचा लावून बसलेले. माझ्या पत्रकातली गाडी, फक्त उलटी.

सूर्य कलला तसं वारं सुटलं. चांगलं, समुद्राकडचं. मी जनरेटरपाशी गेले. बाबा बादलीवर बसून चहा पीत होते.

"बाबा, बंद करा."

"सचिव साहेब बोंबलतील."

"हॉलच्या लाईनवर माईक चालतो, दिवे चालतात, पंखे चालतात. फक्त मंडपातला एसी जाईल. बाहेर बघा ना कसली हवा आहे."

बाबांनी हवेत मान वर केली. मग माझ्याकडे बघितलं. माणूस आयुष्यभर ज्यावर पोट भरतो ते बंद कर असं त्याला पोटच्या पोरीने सांगावं, आणि त्याने विनोदच करावा, यासाठी मी त्यांना बाकी सगळं माफ करते. ते म्हणाले, "ठीक हाय. सत्यमेव विझते," आणि कळ दाबली.

घरघर थांबली. किती वर्षं ती घरघर जयंतीचाच भाग होती, हे ती थांबल्यावर कळलं. खजुराच्या झावळ्यांचा आवाज यायला लागला. मंडपात आधी "अरे अरे" झालं, मग कोणीतरी बाजूचं कापड वर केलं, मग दुसरीकडचं, मग सगळीकडचं. वारा आत गेला. आणि वाऱ्याबरोबर, आजवर बंद कापडामुळे बाहेर अडलेला, आईच्या वांग्याच्या भाजीचा वास आत गेला.

मी ते दृश्य फाटकातून बघितलं. एक मान वळली. मग एक रांग वळली. गॅसचा त्रास असलेले काका आधी उठले. त्यांच्यामागे त्यांची बायको, त्यांच्यामागे अख्खी बाजू. माईकवर सचिवकाका बोलत होते, "कृपया सर्वांनी आपापल्या जागेवर बसावं! जेवण जागेवरच मिळेल! कृपया जागेवर..."

जागेवर कोणी नव्हतं.

भिंतीपलीकडे खजुराखाली ताटं लागली. अरबी बाबांना पहिलं ताट, जागामालकाचा मान. त्यांनी पुरी वांग्यात बुडवली, डोळे मिटले, आणि ताट रिकामं करून म्हणाले, "खलास," म्हणजे आणखी वाढा. कोणी इंजिनिअर गंजाकडे हात लांबवत म्हणाला, "वहिनी, मी वाढू का?" आणि आई म्हणाली, "हात नका लावू." मी तिथेच एकटीने टाळी वाजवली. कोणाला कळलं नाही कशासाठी.

हॉटेलचे डबेही वाटले, वाया कसे घालवायचे? पोरांनी त्यातली मिठाई खाल्ली. व्हॅन निघून गेली तेव्हा कुठे तिचं इंजिन आम्हाला ऐकू येणं थांबलं.

सगळ्यात शेवटी, भिंतीला धरून, सचिवकाका आले. हातात रिकामं ताट. आईने वाढलं. भरपूर वाढलं, तिच्यात राग ठेवायची जागाच नाही. पण वाढताना विचारलं, "साहेब, हे तुमी कोनाच्या जागेवर खाऊन राह्यले?"

सचिवकाकांनी घास चावला. हसले. भाजी खरोखर छान झाली होती, लोक आजूबाजूला होते. "वहिनी, तुमच्या हाताला तोड नाही."

"हाताचं नाई इचारलं. जागेचं इचारलं."

"पुढच्या बैठकीत बघू."

"आन् माही शेगडी?"

"ठराव झालाय ना आता. तो बदलायचा तर पुन्हा मतदान. तोपर्यंत तुम्ही इथेच... ही जागा छान आहे की."

आईने सराटा गंजाच्या कडेवर ठोकला, दोनदा, आणि पुढच्या माणसाला वाढायला वळली. खाला मात्र पिठाचे हात कमरेवर ठेवून म्हणाल्या, "म्हणजे जेवायला वहिनी घरची, आणि चुलीला परकी. वा!"

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या ग्रुपवर फोटो आले. बॅनरचे, पताकांचे, मंडपाचे. भिंतीपलीकडचा एकही नाही. खाली सचिवकाकांचा मजकूर, "यशस्वी! जागेवर शून्य! पुढील वर्षीही हाच संकल्प." खाली अंगठ्यांची रांग. त्यात बाबांचाही अंगठा होता. विचारलं तर म्हणाले, "चुकून लागला. बोट डिझेलचं होतं, घसरलं."

म्हणून हे लिहिलं. रडले नाही, आजोबा, बघा. आता मागते, आणि उतरते.

बैठक पुन्हा होणार आहे, आणि तुम्ही त्यात आहात. आमच्या मंडळाचे नसाल तर तुमच्या सोसायटीच्या, दुकानाच्या, ऑफिसाच्या बैठकीत आहात. तिथेही कोणीतरी शून्य लिहिलेला कागद हवेत धरणार आहे. तेव्हा हातातला कप आधी खाली ठेवा. उठा, भिंतीपलीकडे जाऊन बघा, काय काय जयते. जे दिसेल ते आपल्या नावावर लिहा. जनरेटर बंद करायला सांगा, मंडपाची कापडं वर करा. आणि मग, मोकळा झालेला तोच हात वर करून, माझ्या आईची शेगडी आत घ्या.